पाल्यासाठी पेरतो, पण बी कोणाचे ठेवतो?

भात लावण्याआधी खतासाठी धैंचा पेरायचा, दीड महिन्याचा झाला की चिखलणीत गाडायचा आणि पुढच्या वर्षी बियाण्याची नवी पिशवी आणायची, ही रीत गोव्यात बऱ्याच शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. भाताचे बी घेताना आपण ज्योती की जया, कोरगुट की गोवा धान, अशी चौकशी चार ठिकाणी करतो. धैंच्याच्या पिशवीवर बहुतेक वेळा 'धैंचा' एवढेच लिहिलेले असते आणि आपणही पुढे काही विचारत नाही. तागाचे (म्हणजे बोरूचे, गोणपाटाच्या ज्यूटचे नव्हे) तसेच. गाडायचेच तर आहे, मग जात कशाला बघायची, असा हिशेब त्यामागे असतो.

हा हिशेब मला पटत नाही. एकाच पिशवीतल्या धैंच्याची झाडे चाळीसाव्या दिवशी शेजारी शेजारी उभी असताना बघा. एक कमरेपर्यंत आलेले, बुंध्यापासून फांद्या फुटलेले. त्याला लागून दुसरे काठीसारखे सरळ, शेंड्याला चार पाने. दोघांना पाऊस एक, माती एक. मग एवढा फरक येतो कुठून? काही अंशी तो बियातच असतो, आणि जे बियात असते ते निवडता येते. हे काम शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात करता येण्यासारखे आहे. मात्र धान्याचे बी राखण्याची जी सवय आपल्या हाताला आहे, ती इथे जशीच्या तशी चालत नाही. का चालत नाही, ते आधी नीट समजून घेऊ.

पाला आणि बी यांचे भांडण

आच्छादन पीक म्हणजे विकण्यासाठी किंवा खाण्यासाठी नव्हे, तर जमिनीसाठी घेतलेले पीक. ते माती झाकते, तण दाबते, पावसाचा मार अंगावर घेते आणि द्विदल असेल तर हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत बांधते. हेच पीक हिरवे असताना जमिनीत गाडले की त्याला हिरवळीचे खत म्हणतात. धैंचा चांगला आला, तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांत हेक्टरी साधारण 60 ते 80 किलो नत्र जमा करतो. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात जेमतेम 21 किलो नत्र असतो, म्हणजे तीन ते चार पोत्यांचा हा ऐवज झाला.

भाताच्या बाबतीत आपल्याला हवे असते ते दाणे, आणि बी म्हणूनही ठेवतो ते दाणेच. ज्या झाडाने जास्त दाणे दिले, त्याचे दाणे पुढच्या वर्षीच्या बियाण्यात आपोआप जास्त येतात. आपण डोळे मिटून बी राखले तरी पीक फारसे वाकडे जात नाही. आच्छादन पिकाचे गणित उलटे आहे. आपल्याला हवा असतो पाला, हवे असते उशिरा फुलणारे, फांद्या करत राहणारे झाड. पण आपण राखतो ते बी, आणि बी जास्त देते ते लवकर फुलणारे झाड. वाढीवरचे बळ काढून जे झाड शेंगांत घालते, त्याचाच वाटा बियाण्याच्या डब्यात मोठा असतो. दरवर्षी असेच होत गेले, तर पाच-सहा पिढ्यांनी तुमच्या हाती असा धैंचा येतो, जो गुडघ्याएवढा होतो न होतो तोच कळ्या धरतो. कोणी मुद्दाम केलेले नसते. बी राखणे हीच एक निवड आहे. तुम्ही केली नाही तर ती स्वतःहून होते, आणि ती पाल्याच्या विरोधात होते.

आपल्याकडे घरचे बी करणारे बहुतेकजण मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, उरलेल्या झाडांचे बी काढतात. शेतातला धैंचा गाडला जातो, मेरेवरची पाच-पन्नास झाडे तशीच राहतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांच्या शेंगा वाळतात. बी मिळते, भरपूर मिळते. पण मेरेवरचे झाड एकटे वाढलेले असते. त्याला चारी बाजूंनी ऊन, दोन बाजूंनी मोकळी जागा. तिथे कुठलेही झाड दांडगेच दिसणार. दाटीत, दर चौरस मीटरला शंभर झाडे असताना कोण पुढे जाते, ते मेर सांगू शकत नाही. आणि आपल्याला धैंचा पेरायचा असतो तो दाटीतच.

दिवस लहान झाल्याचे झाडाला कळते

फुलण्याच्या वेळेवर सगळा खेळ असल्यामुळे तिथे थोडे थांबू. धैंचा आणि ताग ही दोन्ही लहान दिवसांत फुलणारी पिके. रात्र ठरावीक लांबीची झाली की झाड वाढ आवरते घेऊन कळ्यांकडे वळते. गोव्यात 21 जूनला दिवस सुमारे 13 तासांचा असतो आणि 21 डिसेंबरला सव्वाअकरा तासांच्या आसपास. पावणेदोन तासांचाच फरक, पण झाडाला तो पुरतो. म्हणून मे अखेरीस पेरलेला ताग उंचच उंच जातो, आणि तोच ताग सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरला तर लहानपणीच फुलतो. बी करायचे म्हणून उशिरा पेरणी करण्याची शिफारस असते ती यासाठी: झाड बुटके राहते, लोळत नाही, शेंगा हाताला येतात. पाऊस गेल्यावर शेंगा पिकतात हाही मोठा फायदा, कारण आपल्या पावसात पिकलेली शेंग म्हणजे बुरशीला आमंत्रण.

बी वाढवण्यासाठी ही पद्धत चांगली आहे. बी निवडण्यासाठी मात्र ती अपुरी पडते. ऑक्टोबरातल्या बुटक्या झाडांवरून जूनमधल्या पाल्याचा अंदाज कसा करणार? ज्या हंगामात पीक वापरायचे, ज्या दाटीत वापरायचे, त्याच हंगामात आणि त्याच दाटीत झाडे पारखली पाहिजेत. या एका नियमाकडे दुर्लक्ष झाले, तर बाकीची सगळी मेहनत भलत्याच गुणाच्या मागे जाते.

फुलण्याची वेळ निवडीने किती हलवता येते, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या अलाबामा राज्यात उन्हाळ्याचे दिवस आपल्यापेक्षा बरेच लांब असतात, त्यामुळे उष्ण प्रदेशातला ताग तिथे पाला भरपूर द्यायचा, पण थंडीचे दहिवर पडेपर्यंत बी धरत नसे. ऑबर्न विद्यापीठातल्या लोकांनी लवकर फुलणारी झाडे पिढ्यान्‌पिढ्या निवडून तिथेही बी देणारे 'एयू गोल्डन' आणि 'एयू डर्बिन' हे वाण तयार केले. त्यांना लवकर फुलणारा ताग हवा होता, आपल्याला नेमका उलटा. पण गाडी त्याच रस्त्याने दोन्हीकडे जाते.

आपल्या देशात तागाचे 'के-12', 'शैलेश', 'स्वस्तिक', 'अंकुर', 'प्रांकुर' असे वाण आहेत. उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडच्या ताग संशोधन केंद्राशी त्यांची नावे जोडलेली आहेत. हे वाण मुख्यतः धाग्यासाठी निवडलेले. धाग्याला उंच, सरळ, कमी फांद्यांचे खोड लागते. हिरवळीच्या खताला कोवळे खोड, भरपूर पान आणि खालून फांद्या लागतात. धाग्याचा ताग गाडायला थोडा उशीर झाला की खोडात कर्ब चढतो, ते कुजायला वेळ लागतो आणि कुजवणारे जिवाणू उलट मातीतलाच नत्र ओढून घेतात. लावलेले भात मग पंधरा दिवस पिवळे. दोष तागाचा नसतो. दुसऱ्या कामासाठी घडवलेला वाण आपण आपल्या कामाला लावलेला असतो.

विरळणी म्हणजेच निवड

आता प्रत्यक्ष काम. समजा तुमचे 4,000 चौरस मीटर खेर (मधल्या उंचीवरच्या) जमिनीतले भातशेत आहे. हेक्टरी 50 किलो या मापाने त्याला धैंच्याचे 20 किलो बी लागते. धैंचा हेक्टरी पाचशे ते आठशे किलो बी सहज देतो असे धरले, तर 20 किलोसाठी 400 चौरस मीटर जागा पुरे. शेताचा दहावा भाग. त्या दहाव्या भागात त्या वर्षी सरदीचे (पावसाळी) भात होणार नाही, ही किंमत आधीच मोजून ठेवावी. वरच्या अंगाचा, भात तसेही कमीच देणारा कोपरा यासाठी बरा.

या कोपऱ्यात बाकीच्या शेताबरोबरच, मेच्या शेवटच्या वळिवावर, तितकाच दाट धैंचा पेरायचा. पेरणीनंतर पाच आठवड्यांनी त्यात शिरायचे. बाकी शेतात चिखलणीची तयारी चालू असेल तेव्हा इथे विरळणी करायची, आणि ही विरळणीच आपली पहिली निवड. दर दहा झाडांतले एक ठेवायचे, नऊ कापायची. कापलेली नऊ वाया जात नाहीत, ती उचलून शेजारच्या चिखलात टाकायची.

कोणते ठेवायचे? उंची डोळ्यात भरते, पण उंचीला भुलू नये. मी आधी बुंध्याकडे बघतो: जमिनीपासून वीतभरावर फांदी फुटली आहे का? मग पान: खालची पाने अजून हिरवी आहेत की पिवळी होऊन गळू लागली? मग खोड नखाने दाबून बघायचे. नख रुतले तर ते कोवळे आहे, चिखलात लवकर कुजेल. कळी दिसणारे झाड कितीही देखणे असले तरी तिथल्या तिथे कापायचे.

मुळांवरच्या गाठी बघायच्या तर ठेवायच्या झाडाला हात लावता येत नाही, पण कापायच्या झाडांवरून जागेचा अंदाज येतो. झाड उपटू नका, उपटले की गाठी चिखलातच सुटतात. फावड्याने वीतभर लांबून ढेकळासकट उचला आणि पाटाच्या पाण्यात हलकेच हलवा. माती गळून मुळे मोकळी होतात आणि मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसू लागतात. एक गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी, लालसर निघाली तर ती काम करते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्याच जातीच्या एका पदार्थाचा असतो. आतून हिरवट निघाली तर तिचे काम संपले आहे, पांढरी निघाली तर सुरूच झालेले नाही. आपली जांभ्याची माती आंबट, तिच्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, आणि स्फुरदाशिवाय गाठी बांधल्या जात नाहीत. त्यामुळे सगळ्याच झाडांच्या गाठी फिक्या असतील तर बियाला दोष देण्यापूर्वी चुना आणि स्फुरद यांचा विचार करावा. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या सेस्बॅनिया रोस्ट्राटा या धैंच्याला खोडावरही गाठी येतात, त्यामुळे तो पाण्यात उभा असतानाही नत्र बांधत राहतो. पाणी साचणाऱ्या शेतासाठी तो मिळाला तर जरूर घ्यावा.

विरळणीनंतर चौरस मीटरला दहाएक झाडे उरतात. पुढे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात कळ्या येऊ लागतात. सगळ्यांत आधी कळी धरणारी झाडे पुन्हा काढायची, आणि फूल उमलण्यापूर्वी काढायची. फूल उमलून परागकण उडाले की त्या झाडाने आपला वाटा शेजाऱ्यांच्या शेंगांत घातलाच. डिसेंबरमध्ये फक्त चांगल्या झाडांच्या शेंगा तोडल्या तर आई निवडली जाते, बाप कोण ते कळत नाही. निवडीचा निम्मा जोर तिथेच जातो.

शेंगा वाळल्यावर शेवटची निवड. इथे एक युक्ती फार मोलाची आहे. 400 चौरस मीटरचे सुतळीने 40-40 चौरस मीटरचे दहा चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातून तिथली उत्तम पंचवीस झाडे घ्यायची, सगळ्या तुकड्यातली उत्तम अडीचशे नव्हे. कारण सोपे आहे. एखाद्या कोपऱ्यात गुरांचे शेण पडलेले असते, एखाद्या ठिकाणी ओल जास्त. तिथली सगळीच झाडे मोठी होतात आणि आपण मातीचा गुण बियाचा समजून बसतो. शेजाऱ्याशीच तुलना केली की माती दोघांची सारखी, उरलेला फरक बियाचा असण्याची शक्यता जास्त. 1961 मध्ये अमेरिकेच्या नेब्रास्कातल्या सी. ओ. गार्डनर यांनी मक्यावर ही पद्धत वापरून उत्पादन वाढवून दाखवले. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, तर तिच्यावाचून गत्यंतरच नाही. मानशीजवळचा (खाडीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दाराजवळचा) भाग खारट, आतला गोडा. खाऱ्या चौकोनातले बुटके पण हिरवेगार उभे असलेले झाड हे गोड्या चौकोनातल्या दांडग्या झाडापेक्षा खाजनाच्या शेतकऱ्याला जास्त कामाचे.

अडीचशे झाडांच्या शेंगांतून दोनेक किलो बी निघते. ही पहिली पिशवी. उरलेल्या झाडांचे बी ती दुसरी पिशवी. पुढच्या मेमध्ये पहिली पिशवी बियाण्याच्या कोपऱ्यात पेरायची आणि दुसरी गाडण्याच्या शेतात. बरेच शेतकरी उलटे करतात; उत्तम बी मोठ्या शेतात घालतात, कारण जीव तिथे असतो. पण ते बी तर दीड महिन्यात गाडले जाणार! त्याची पुढची पिढीच नाही. उत्तम बियाने वंश वाढवायचा, मध्यम बियाने शेत.

अळसांदे वेगळे, ताग वेगळा

कोणते पीक स्वतःच्या परागाने फळते आणि कोणते परक्या, यावर निवडीची रीत बदलते. तागाचे फूल स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही. फुलावर जोराने बसून त्याची पाकळी दाबणारा मोठा काळा भुंगा किंवा तसलीच दांडगी माशी लागते. आसपास वाळके लाकूड, जुने बांबू असतील तर हे भुंगे तिथे घर करतात, म्हणून बियाण्याच्या तागाजवळची वठलेली फांदी काढू नये. परक्या परागावर जगणाऱ्या पिकाचे बी चार-पाच झाडांवरून कधीच राखू नये. दोन-तीन पिढ्यांत वंश खुरटतो. शंभर झाडे तरी हवीत. आणि शेजाऱ्याचा बाजारातला ताग त्याच वेळी फुलत असेल, तर शेते लांब हवीत किंवा पेरणी मागेपुढे हवी. तागाचे बी गुरांच्या खाण्यात जाऊ देऊ नका, ते विषारी असते.

अळसांदे (आपली गोव्याची चवळी), मूग, कुळीथ यांचे उलट. त्यांचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत फळून जाते. त्यामुळे एका झाडाचे बी पुढच्या वर्षी बरेचसे त्याच झाडासारखे उगवते. निवड त्यामुळे सोपी होते, पण तिला एक मर्यादाही येते, आणि ती डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन यांनी 1903 मध्ये दाखवली. त्यांनी घेवड्याच्या एकाच झाडापासून चाललेल्या वंशातले मोठे दाणे वेगळे पेरले, लहान दाणे वेगळे. दोन्हींच्या पिकात दाण्यांची सरासरी सारखीच आली. एकाच वंशातला दाणा मोठा झाला तो शेंगेतल्या जागेमुळे, पाण्यामुळे. वंशात फरक नव्हताच. निवड चालते ती अनेक वंशांच्या मिश्रणात. एकदा एक वंश वेगळा झाला की त्यात वर्षानुवर्षे दाणे वेचून हाती काही लागत नाही.

आमच्या वाड्यावर भात कापल्यावर वायंगणात (हिवाळी हंगामात) अळसांदे करणाऱ्या एका काकींना मी विचारले होते, "काकी, बियाण्याचे अळसांदे कसे निवडता?" त्या म्हणाल्या, "सुपात घेते आणि मोठे मोठे वेचते. दुसरे काय करणार?" बाजारासाठी ही रीत वाईट नाही, मोठ्या अळसांद्याला दर मिळतो. पण सुपात दाणे दिसतात, वेल दिसत नाही. ज्या वेलाने दोनच शेंगा धरल्या त्याचेही दाणे मोठे होतात. ज्याला जमीन झाकणारा अळसांदा हवा त्याने निवड सुपात नव्हे, शेतातच करावी. पेरणीनंतर महिन्याभराने वेल कुठपर्यंत पसरला, खाली तण किती राहिले, हे बघून वेलांना रंगीत चिंधी बांधावी. मग तीस वेलांच्या शेंगा तीस वेगळ्या पुड्यांत ठेवून पुढच्या वायंगणात प्रत्येक पुडीची एक ओळ पेरावी. ओळ बघितली की वंश कळतो. चांगल्या सात-आठ ओळींचे बी एकत्र करून पुढे चालवावे; एकच ओळ धरू नये, कारण एखाद्या वर्षी मावा किंवा भुरी आली तर सगळे एकदम बसते.

आच्छादनासाठी मोठा दाणा परवडतही नाही. मोठ्या अळसांद्याचे किलोत साधारण चार-पाच हजार दाणे बसतात, धैंच्याचे पन्नास-साठ हजार. तेवढीच जमीन झाकायला अळसांद्याचे बी कितीतरी जास्त लागते. म्हणून बाजारासाठी मोठ्या दाण्याचा आणि आच्छादनासाठी बारीक दाण्याचा, पसरणारा असे दोन वंश वेगळे ठेवावेत. जुन्या गोव्यातल्या एलाच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडचे किंवा दापोलीच्या विद्यापीठाचे चवळीचे वाण दाण्यासाठी उत्तम. पाल्याच्या कसोटीवर ते तुमच्या जमिनीत कसे उतरतात ते मात्र स्वतः बघावे लागते.

मोरडीवरच्या (वरच्या कोरडवाहू जमिनीतल्या) कुळथाबद्दल थोडक्यात: तो दवावर येतो, दाणा बारीक, बी स्वस्त. शेंगा वाळल्या की तडकतात, म्हणून ज्या झाडाच्या शेंगा शेवटपर्यंत मिटून राहतात त्याचे बी धरावे. काजूच्या कोवळ्या बागेत रानमोडीचे तण दाबायला खाजकुयलीचा बिनखाजेचा वंश चांगला, तिथे तर बी घेण्यापूर्वी शेंगेवरची लव हात लावून बघावीच, काळजीपूर्वक.

या सगळ्याला आपल्याकडे एक मोठा अडसर आहे, तो म्हणजे मोकाट गुरे. सरद संपली की शेते मोकळी सुटतात आणि डिसेंबरपर्यंत उभा राहिलेला हिरवा कोपरा सगळ्या गावच्या गुरांना दिसतो. सत्तरी तालुक्यात गवे, इतरत्र मोर आणि माकडे. कुंपणाशिवाय वायंगणात बियाण्याचा तुकडा राखणे कठीण आहे. दोघा-तिघांनी शेजारी शेजारी तुकडे घेऊन एकच कुंपण केले तर खर्च वाटला जातो, आणि तागासाठी वेगळेपणही सांभाळले जाते.

गोव्याच्या हवेत बी टिकवणे

बी डिसेंबरात हाती येते आणि मेअखेर लागते. मध्ये पाच महिने. बी किती टिकेल ते त्यातल्या ओलीवर आणि उष्णतेवर ठरते. जेम्स हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम बियाणेवाले वापरतात: बियातली ओल एका टक्क्याने कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट होते. जानेवारीच्या कोरड्या उन्हात बी ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवावे, दुपारी कडक उन्हात सिमेंटच्या खळ्यावर थेट टाकू नये. वाळले की नाही ते बघायला कोरडी काचेची बरणी घ्या, त्यात मूठभर बी आणि चमचाभर तव्यावर भाजून गार केलेले मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटे हलवा आणि पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटले तर बी ओले आहे. सुटे राहिले तर ओल पंधरा टक्क्यांच्या खाली आली. तिथून पुढे आणखी दोन-तीन दिवस उन्हे द्या. दाणा दाताखाली टचकन तुटला पाहिजे.

मग घट्ट झाकणाचा डबा, काठोकाठ भरलेला. पेंढ्याची मुडी भाताच्या बियाला ठीक, पण मार्चपासून हवेत दमटपणा चढतो आणि मुडीतले बी तो पिऊन घेते. अळसांद्याला भुंगेऱ्याचा धोका वेगळा. त्याची मादी शेतातच शेंगेवर अंडी घालते, म्हणजे कीड बियाबरोबरच घरात येते. म्हणून शेंगा वेलावर जास्त दिवस न ठेवता वेळच्या वेळी तोडाव्यात, आणि बी चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून ठेवावे. दोन दाण्यांमधल्या फटी राखेने भरल्या की भुंगेऱ्याला फिरता येत नाही. ही आपल्या आज्यांची रीत आहे आणि ती आजही पुरते.

धैंच्याचे काही बी टणक सालीचे असते, पाणी आत शिरू देत नाही. पेरण्यापूर्वी ते चांगल्या गरम पाण्यात थोडा वेळ घालून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवले की उगवण वाढते. पेरले त्याच वर्षी उगवून बी देणाऱ्या झाडांचेच बी तुम्ही दरवर्षी घेत असल्याने हा टणकपणा काही पिढ्यांत आपोआप कमी होत जातो. नकळत होणाऱ्या निवडींपैकी ही एक आपल्या बाजूची.

बी शेजाऱ्याला दिले, बदलून घेतले किंवा विकले तर चालते का, असे लोक विचारतात. चालते. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही.

राहता राहिला प्रश्न, आपली निवड खरोखर काही करते आहे का, हे कसे कळणार? आठवणीवर विसंबू नका. पाऊस चांगला झाला की सगळेच पीक चांगले वाटते. दरवर्षी गाडण्याच्या शेतात बाजारातल्या बियाची एक पट्टी आणि आपल्या बियाची एक पट्टी, लागून, अशा तीन जोड्या पेरा. पंचेचाळीसाव्या दिवशी बांबूच्या चार काठ्यांची एक मीटर बाजूची चौकट प्रत्येक पट्टीत दोन ठिकाणी टाका, आतला सगळा पाला जमिनीलगत कापून काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. पहिली कळी कधी दिसली तेही लिहा. फुलण्याची तारीख लवकर हलते, तीन-चार पिढ्यांत फरक दिसायला हवा. पाल्याचे वजन हळू वाढते, कारण त्यात मातीचा आणि पावसाचा वाटा मोठा. चार वर्षांनीही दोन पट्ट्या सारख्याच राहिल्या, तर बहुधा तुमच्या मूळ बियात निवडण्याजोगा फरकच कमी होता. अशा वेळी आणखी कडक निवड करून उपयोग नाही. दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून, जमल्यास कोकणातून आणि कारवारकडून, धैंच्याचे बी आणा, आपल्या बियात मिसळून त्या कोपऱ्यात पेरा, एक वर्ष काहीही न कापता मोकळेपणी फुलू द्या, आणि विरळणी त्याच्या पुढच्या जूनपासून पुन्हा सुरू करा.